स्वीडनची सुरी आणि ती घडवणारे हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वीडनच्या दालार्ना भागात राहते. इथून मोरा गाव गाडीने तासा-सव्वा तासावर आहे. तिकडच्या एका वयस्कर सुरी घडवणाऱ्यांकडे मी चार हिवाळे शिकायला जाते आहे. भारतात फोन झाला की नातेवाईक, मैत्रिणी, त्यांची मुलं सगळे याबद्दल विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

माझ्या शिक्षकांचं नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सगळेच एकमेकांना ‘दू’, म्हणजे ‘तू’ म्हणतात. मीही त्यांना तसंच म्हणते. मराठीत लिहिताना मात्र ‘ते’च येतं, त्याला इलाज नाही.

सुरी म्हणायचं की चाकू?

आमच्या घरी मिटतो तो चाकू आणि न मिटणारी ती सुरी. इथेही तेच धरते. हे पान मुख्यतः सुरीबद्दल आहे.

स्वीडनची पारंपरिक सुरी ओळखायची कशी?

पातं वीतभरही नसतं, बहुतेक वेळा दहा सेंटिमीटरच्या आसपास. पाठ सरळ. मूठ लाकडाची, आणि पातं व मूठ यांच्यामध्ये बोटं अडवणारा आडवा दांडा नसतो. म्यान खोल असतं, मुठीचाही बराच भाग आत जातो. त्यामुळे पट्ट्याला लटकवून माणूस झाडावर चढला किंवा बर्फात पडला तरी सुरी बाहेर येत नाही.

खरी ओळख मात्र धारेत आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या सुरीचं पातं पाठीकडून धारेकडे हळूहळू पातळ होत जातं आणि शेवटी धारेचा एक बारीक उतार वेगळा काढलेला असतो. स्वीडिश सुरीचं पातं निम्म्याच्या खालपर्यंत जाड राहतं. तिथून दोन्ही बाजूंनी एकेक सपाट, रुंद उतार थेट धारेपर्यंत जातो. लाकूड तासताना हा उतार रंध्याच्या तळासारखा लाकडावर टेकतो आणि हाताला आपोआप कोन सापडतो. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सरळ साल काढता येते ती यामुळेच.

पात्याची मागची शेपटी मुठीच्या पोटातून जाते, बाहेरून लोखंड कुठेच दिसत नाही. आधी मला वाटायचं की हे सौंदर्यासाठी असेल. उणे पंचवीस अंशांत एकदा मोकळ्या हाताने लोखंडी कडी धरली आणि कारण कळलं. कातडी धातूला चिकटते. लाकूड चिकटत नाही.

‘मोरा’ हे कंपनीचं नाव आहे की गावाचं?

मुळात गावाचं, तिथल्या सुऱ्याही याच नावाने ओळखल्या जातात. सिलियान तळ्याच्या उत्तर टोकाला मोरा आहे. चित्रकार आंदेश सोर्न इथलेच. दर मार्चमध्ये होणारी ९० किलोमीटरची वासालोपेत ही स्की शर्यत इथेच संपते. ती १९२२ पासून भरते. पण सुऱ्यांचं खरं गाव मोराच्या शेजारचं, एस्तनूर नावाचं. तिथे गेल्यावर आश्चर्य वाटतं ते गावाच्या लहानपणाचं.

एवढ्याशा गावात एवढे कारागीर कुठून आले, याचं उत्तर जमिनीत आहे. दालार्नात वडिलांची जमीन सगळ्या मुलांमध्ये वाटली जायची, मुलींनाही हिस्सा मिळायचा. दोन-तीन पिढ्यांत शेताच्या चिंध्या व्हायच्या. त्यावर वर्षभर पोट भरणं शक्य नव्हतं आणि हिवाळा तर अर्ध्या वर्षाचा. मग प्रत्येक गावाने एकेक हुन्नर धरला. ओर्साच्या लोकांनी वालुकाश्मातून धार लावायची गोल चाकं काढली. वोमहुसच्या बायकांनी केस विणून दागिने केले आणि ते विकत परदेशापर्यंत पायी फिरल्या. नुसनेसमध्ये लाकडी घोडे झाले. एस्तनूरने धातू धरला.

सुरुवात घड्याळांनी झाली. अठराव्या शतकाच्या शेवटापासून एस्तनूरच्या घराघरांत उभ्या घड्याळांची यंत्रं बनायची. गोल पोटाची ‘मोरा घड्याळं’ आजही जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसतात. पुढे कारखान्यात बनलेली स्वस्त घड्याळं बाहेरून आली आणि हा धंदा बसला. पण पितळ ओतणं, कानस चालवणं, पोलादाला पाणी पाजणं (तापवून झटक्यात गार करून कडक करणं) हे हातात मुरलेलं होतं. कोणी शिवणयंत्रं केली, कोणी नळ केले (तिथल्या एका नळाच्या कंपनीची सुरुवात १८६५ ची आहे), कोणी सुऱ्या.

१८९१ मध्ये फ्रोस्ट-एरिक एरसोन अमेरिकेतून परत आला आणि त्याने एस्तनूरमध्ये लाकडं ओढायच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. सुऱ्या आधी जोडधंदा म्हणून होत्या, नंतर त्याच मुख्य झाल्या. १९१२ मध्ये त्याच गावात दुसरा कारखाना उभा राहिला, क्रोंग-युहान एरिकसोन याचा. हे दोन शेजारी जवळजवळ शतकभर एकमेकांशी स्पर्धा करत राहिले आणि २००५ मध्ये एक झाले. आजची ‘मोराक्नीव’ कंपनी ती हीच, आणि तिच्या सुऱ्या अजून एस्तनूरमध्येच बनतात.

नावाआधीचं ‘फ्रोस्ट’ किंवा ‘क्रोंग’ हे टोपणनाव नाही, ते वाड्याचं नाव आहे. दालार्नात माणसाच्या नावाआधी त्याच्या घरा-शेताचं नाव लावतात. एका गावात दहा एरिक असले की दुसरं काय करणार?

सुरी घडवणारा माणूस दिवसभर काय करतो?

लोकांना वाटतं दिवसभर ऐरणीवर घण घालतो. खरं तर भट्टीजवळचा वेळ सगळ्यांत कमी. माझ्या शिक्षकांचा दिवस मी पाहिला आहे, तसा सांगते.

सकाळी सातला कामशाळेत शेकोटी पेटते, कारण आधी खोली गरम व्हावी लागते. गार पोलाद आणि गार बोटं घेऊन काम सुरू करत नाहीत. पहिला तास लाकडाचा. मुठीसाठी ठेवलेले ठोकळे उलटसुलट करायचे, चिरा गेल्यात का ते पाहायचं. हे ठोकळे दोन-तीन वर्षं सावलीत सुकवलेले असतात. मग भट्टी. एका तावात, म्हणजे एकदा तापवून, पोलादाची पट्टी ठोकून लांब ओढायची, पुन्हा ताव द्यायचा, टोक काढायचं, शेपटी काढायची. चार-पाच पाती एकदम करतात, म्हणजे एक हातात असताना बाकीची तापत राहतात. दहाच्या सुमाराला कॉफी. ती कधीच चुकत नाही.

त्यानंतरचं सगळं घासणं. कानस, मग दगडाचं चाक, मग बारीक दगड. सुरीचा जन्म इथे होतो, आणि बिघाडही बहुतेक इथेच होतो. चाकावर पाणी सतत हवं. पातं जरा जास्त तापलं, धारेवर निळसर छटा आली, की पोलादाला पाजलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरला समजायचं. ती सुरी मग कधीच धार धरत नाही. माझ्या शिक्षकांचे दोन्ही अंगठे उघडे असतात, हातमोजे ते घालत नाहीत. पातं किती तापलं ते कातडीलाच कळतं, असं ते म्हणतात.

ओर्साच्या त्या दगडी चाकांबद्दल आणखी एक सांगायला हवं. ती चाकं स्वीडनभर जायची, पण खाणीत दगड फोडणाऱ्यांच्या छातीत धूळ बसायची आणि कितीतरी माणसं तरुणपणीच गेली. आज आमच्या कामशाळेत मुखपट्टी न लावता कोणी कोरडं घासलं तर शिक्षक यंत्राचं बटण बंद करतात. ते आवाज चढवतात तो एवढ्याच एका गोष्टीवर.

दुपारनंतर मूठ आणि चामडं. संध्याकाळी हिशेब, पार्सलं, पत्रं. हे कामही सुऱ्या घडवण्याचाच भाग आहे, फक्त त्याचे फोटो कोणी काढत नाही.

पात्यात तीन थर असतात म्हणे. ते का?

पूर्वी पोलाद महाग होतं आणि लोखंड स्वस्त. सगळं पातं पोलादाचं करणं गरीब शेतकऱ्याला परवडायचं नाही. म्हणून गावच्या लोहाराने मधे पोलादाची पातळ पट्टी घेतली, दोन्ही बाजूंना मऊ लोखंड लावलं, टाकणखार टाकून पांढऱ्या तावावर ठोकून सगळं एकजीव केलं. धार येते ती मधल्या पोलादाची.

काटकसरीतून निघालेली ही युक्ती पुढे गुण ठरली. कडक पोलाद ठिसूळ असतं, बाजूचं मऊ लोखंड धक्का खातं. पातं वाकेल, पण सहसा मोडणार नाही. शिवाय धार लावताना दगडाला बराचसा मऊ भागच घासायचा असतो, त्यामुळे काम लवकर होतं. पोलाद स्वस्त झाल्यावरही मोराच्या कोरीवकामाच्या सुऱ्यांत ही पद्धत टिकली आहे. १०६ आणि १२० क्रमांकाच्या त्यांच्या लाकूड तासायच्या सुऱ्या जगभर वापरतात. पातं तिरकं धरून पाहिलं की दोन धातूंच्या मधली लाटेसारखी रेघ दिसते.

हे पोलाद येतं कुठून? पुण्याशी त्याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सांगताना मला फार आनंद होतो.

स्वीडनचं लोखंड जगात नावाजलं ते खनिजाच्या शुद्धपणामुळे. उप्लांद भागातल्या दानेमोरा खाणीच्या खनिजात फॉस्फरस अगदी कमी. सतराव्या शतकात आजच्या बेल्जियमच्या वालोनिया भागातून लोहार इथे आले, त्यांनी आपली पद्धत आणली, आणि त्या ‘वालोन लोखंडा’पासून इंग्लंडमधल्या शेफील्डचे कारखाने उत्तम पोलाद करू लागले. म्हणजे शेफील्डच्या नामांकित सुऱ्यांच्या पोटातही कितीदा स्वीडिश लोखंडच होतं.

१८५८ मध्ये योरान फ्रेड्रिक योरानसोन याने एद्सकेन इथे वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करायची बेसेमर पद्धत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने यशस्वी करून दाखवली. १८६२ मध्ये त्याने सांदविकेन गावात कारखाना उभारला. तोच पुढे सँडविक झाला. पुण्यात दापोडीवरून गेलेल्या प्रत्येकाने ही पाटी वाचलेली आहे. सँडविक एशिया तिथे १९६० पासून आहे. मोराच्या न गंजणाऱ्या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध झालेलं १२सी२७ हे पोलाद याच घराण्याचं. त्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम असतं. २०२२ मध्ये सँडविकचा पोलादाचा विभाग वेगळा होऊन त्याचं नाव अलैमा झालं.

पाणी पाजताना नेमकं काय होतं?

पातं तापवत जायचं. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. जुन्या लोहारांना रंगावरून कळायचं, आम्ही नवशिके चुंबक जवळ ठेवतो. त्याच्या थोडं वर, आठशेच्या आसपास, पातं एकसारखं लाल झालं की झटक्यात तेलात. तेल आधी कोमट करून घ्यायचं. सरळ, टोक खाली करून बुडवायचं. तिरकं गेलं की पातं केळीच्या सालीसारखं वाकतं.

बाहेर आलेलं पातं काचेसारखं असतं, कानस त्यावरून घसरते. अशा पात्याने काम केलं तर तुकडा उडेल. म्हणून पुन्हा तापवायचं, या वेळी फक्त १८० ते २०० अंशांना, दोन तास. पुष्कळजण यासाठी घरचीच ओव्हन वापरतात. घासून चकचकीत केलेल्या जागी वाळलेल्या गवताचा पिवळा रंग आला की झालं.

माझं पहिलं पातं फुकट गेलं. घाईत मी ते जास्त तापवलं होतं, आणि तेलाऐवजी शेजारच्या पाण्याच्या बादलीत बुडवलं. ‘टिक’ असा अगदी बारीक आवाज आला. बाहेर काढलं तर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर. दोन दिवसांचं काम होतं. शिक्षकांनी ते पातं खिडकीपाशी एका खिळ्याला टांगलं. तिथे आधीच बरीच होती आणि त्यांतली पहिली त्यांची स्वतःची.

मूठ कशाची करतात?

बर्च. इथे बर्च म्हणजे आपल्याकडे आंबा म्हणावा तसा, अंगणापासून रानापर्यंत सगळीकडे. साधा बर्च स्वस्त सुरीला, गाठीगाठीचा नक्षीदार ‘मासूर’ बर्च चांगल्या सुरीला. अळशीचं तेल पाजून ठेवतात. मोराची जुन्या वळणाची सुरी लाल रंगवलेल्या बर्चच्या मुठीची असते. ती लाल मूठ बर्फात पडो की शेवाळात, लगेच डोळ्यांत भरते.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती बर्चच्या सालीची मूठ. सालीचे चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येकाला मधे भोक पाडायचं, शेपटीवर एकावर एक शंभरेक ओवायचे आणि दाबून बसवायचे. मग गोल घासायचं. ही मूठ मखमलीसारखी लागते, थंडीत गार पडत नाही आणि ओल्या हातातून निसटत नाही. मासे साफ करणाऱ्यांची ती लाडकी आहे.

सामी लोकांची सुरी वेगळी असते का?

वेगळी, आणि तिचा मान वेगळा. सामी हे उत्तरेचे मूळ रहिवासी. त्यांची भूमी, साप्मी, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत पसरली आहे. रेनडियर पाळणाऱ्या माणसाच्या कमरेला बहुधा दोन सुऱ्या असतात. मोठी म्हणजे ‘स्तुओरानीबी’, जवळजवळ कोयत्याचं काम करणारी: फांद्या तोडणं, हाडं फोडणं, तंबूचे दांडे साळणं. लहान सुरी बारीक कामाला, जेवायला, रेनडियरच्या कानावर मालकाची खूण कापायला.

मूठ आणि म्यान रेनडियरच्या शिंगाचं. शिंग दरवर्षी गळतं आणि नवं येतं, त्यामुळे माल रानातच मिळतो. पण शिंगाचा गाभा सच्छिद्र असतो. कुठला तुकडा कुठे वापरायचा हे शिंग हातात घेऊन, वजनावरून ओळखावं लागतं. म्यानाचा खालचा भाग शिंगाचा, वरचा झाडाच्या सालीत कमावलेल्या रेनडियरच्या चामड्याचा. शिंगावर टोकदार सुरीने रेषा कोरतात आणि त्यांत आल्डर झाडाच्या सालीची पूड चोळतात. पांढऱ्या शिंगावर तपकिरी-लाल नक्षी उठते. नक्षीवरून प्रदेश कळतो. दक्षिणेकडची नक्षी भूमितीची: वेण्या, नागमोडी, जागा न सोडणारी. उत्तरेकडे मोकळी जागा जास्त, फुलांसारखे आकार, आणि म्यानाचं टोक चांगलंच वळलेलं.

या कलेला ‘दुओय्जी’ म्हणतात. तिचा अर्थ फक्त हस्तकला असा घेऊ नका. वस्तू कशासाठी आहे, साहित्य कुठून आणि कुठल्या ऋतूत घेतलं, कोणाकडून शिकलो, हे सगळं त्यात येतं. बाजारात नक्कल भरपूर आहे. खरी वस्तू हवी असेल तर ‘सामी दुओय्जी’ची खूण पाहा आणि करणाऱ्याचं नाव विचारा. सामी कारागिराला त्याच्या गुरूबद्दल विचारलेलं आवडतं, असा माझा अनुभव आहे.

एस्किल्स्तुनाचं नाव सारखं येतं. तिथे काय आहे?

मोरा गावठी सुरीचं, तर एस्किल्स्तुना शहरी कारागिरीचं. राजा दहावा कार्ल गुस्ताव याने रीगाच्या राइनहोल्ड राडेमाखर याला परवाना दिला आणि १६५० च्या दशकात तिथे लोहारशाळांची एक रांग उभी राहिली: सुऱ्या, कात्र्या, कुलपं, खिळे. १७७१ मध्ये शहराचा एक भाग ‘मुक्त नगर’ झाला, म्हणजे कारागिरांच्या संघाच्या नियमांत न अडकता कोणीही कारागीर तिथे दुकान थाटू शकत असे. त्याचा परिणाम पुढची दीडशे वर्षं दिसला. मिटवायचे चाकू, दाढीचे वस्तरे, पिंपासारख्या खोळीत पातं शिरणारा ‘पिंप-चाकू’ हे सगळं तिथलं. चाकू करणारी ‘एका’ (EKA) कंपनी १८८२ ची आहे.

या धंद्यावर पोट भरतं का?

हातच्या सुऱ्यांवर एकट्याने? क्वचित. एक चांगली सुरी, म्यानासकट, माझ्या शिक्षकांचे अडीच-तीन दिवस घेते. त्या दिवसांची खरी मजुरी किमतीत लावली तर गिऱ्हाईक मिळत नाही. ते हिवाळ्यात शिकवतात, नाताळच्या बाजारात विकतात आणि शेजाऱ्यांच्या कुऱ्हाडींना धार लावून देतात. निवृत्तीपर्यंत त्यांनी दुसरी नोकरी केली. पूर्वीही असंच होतं, उन्हाळ्यात शेत आणि हिवाळ्यात भट्टी.

कारखान्याने कारागिराला मारलं, असं पुष्कळदा ऐकते. इथे मला ते पटत नाही. मोराची कारखान्यातली सुरी इतकी स्वस्त आणि इतकी चांगली आहे की सुतारापासून शाळेपर्यंत सगळ्यांकडे ती असते. बांधकामावरच्या मजुरांच्या विजारीला चक्क सुरीचं म्यान अडकवायचं बटण शिवलेलं असतं. रोज सुरी वापरणारा माणूसच एखाद्या दिवशी हाताने घडवलेली सुरी हातात घेऊन थांबतो आणि फरक ओळखतो. जिथे लोकांनी सुरी वापरणंच सोडलं, तिथे तिला घडवणाऱ्याचं गिऱ्हाईकही गेलं. कारागीर टिकावा असं वाटत असेल तर आधी सुरी वापरणारी मुलं हवीत.

खरंच तिथे लहान मुलांच्या हातात सुरी देतात?

देतात. माझ्या मुलीने सहाव्या वर्षी पहिली काठी तासली तेव्हा मी श्वास रोखून उभी होते, तिच्या शिक्षिका निवांत कॉफी पीत होत्या. नियम थोडेच आहेत. बसूनच तासायचं. हाताच्या अंतरावर कोणी नको. धार अंगापासून दूर. चालायचं असेल तर आधी सुरी म्यानात.

यामागे मोठा इतिहास आहे. स्वीडनच्या शाळांत ‘स्लोय्द’, म्हणजे हस्तकाम, हा सक्तीचा विषय आहे. मुलगे आणि मुली दोघेही लाकूडकाम आणि शिवण शिकतात. या शिक्षणाची मांडणी केली ओट्टो सालोमोन (१८४९–१९०७) यांनी, येतेबोरी (गोथेनबर्ग) शहराजवळच्या नेस इथल्या शिक्षक-विद्यालयात. जगभरातून शिक्षक तिथे शिकायला यायचे. सालोमोन यांनी सुरीला पहिलं हत्यार मानलं, कारण शेतकऱ्याच्या पोराला ते आधीच ओळखीचं होतं. सुताराची मोठी हत्यारं त्यानंतर. त्यांना सुतार तयार करायचे नव्हते. हाताला नेमकेपणा, डोळ्याला आकार आणि मनाला कष्टांबद्दल आदर मिळावा, हा हेतू होता.

आपल्याकडे मूल विळीजवळ गेलं की आपण ओरडतो. मीही ओरडायचे. आता वाटतं, धारेची भीती घालण्याऐवजी धार शिकवणं जास्त सुरक्षित आहे. बोथट सुरीने जोर लावावा लागतो आणि बोटं कापतात ती त्या जोराने.

धार कशी लावायची?

सपाट उताराचं सगळं सुख इथे आहे. ओला दगड टेबलावर ठेवा, खाली फडकं. पात्याचा रुंद उतार दगडावर पूर्ण टेकवा. कोन मोजायचा नाही, उतार टेकला की कोन आला. दोन बोटं पात्यावर, धारेच्या जवळ. धार पुढे ठेवून ढकला, टोकाकडे येताना मूठ किंचित वर उचला. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक काठ उभा राहिलेला बोटाला जाणवेपर्यंत. मग पातं उलटा. आधी १००० क्रमांकाचा दगड, नंतर ४००० किंवा ६००० (क्रमांक मोठा तितका दगड बारीक), शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठीकडे ओढत दहा-बारा वेळा. पट्ट्यावर धार पुढे ढकलू नका, चामडं कापलं जाईल.

फिरत्या यंत्रावर, ठिणग्या उडवत धार लावणाऱ्याकडे ही सुरी देऊ नका. पाणी उतरेल, उतारही गोल होईल.

कोकणात राहतो. कार्बन पोलादाची घ्यावी की न गंजणारी?

न गंजणारी घ्या. कार्बन पोलादाची धार मला जास्त गोड वाटते, पण पावसाळ्यात रत्नागिरीत ती एका रात्रीत तांबडी होईल. कार्बनचीच हवी असेल तर वापरून लगेच पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि म्यानात कायमची ठेवू नका. चामडं ओल धरतं. कैरी-लिंबू चिरल्यावर पातं करडं पडतं, ते चालतं. तो करडा थर तांबड्या गंजापासून थोडं रक्षणच करतो. भांडी धुण्याच्या यंत्रात कुठलीही लाकडी मुठीची सुरी घालू नका.

नागमोडी नक्षीच्या ‘दमास्कस’ पात्याचं काय?

सुंदर असतं. सोदरफोर्स इथे पोलादाच्या भुकटीपासून असं न गंजणारं नक्षीदार पोलाद करतात आणि जगभरचे सुरीवाले ते घेतात. पण पहिली सुरी म्हणून घेऊ नका. नक्षीवर ओरखडा पडेल या भीतीने ती कपाटात राहील.

भारतात आणता येते का? तिथे बाळगता येते का?

विमानात हातातल्या सामानात अजिबात नाही, चेक-इन बॅगेत नीट गुंडाळून ठेवा. स्वीडनमध्ये १९८८ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी विनाकारण सुरी बाळगायला बंदी आहे. कामासाठी, रानात जाण्यासाठी असेल तर चालते, म्हणून बाजारातून निघताना ती पिशवीत गुंडाळूनच न्या. भारतात शस्त्र कायद्याच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती येतात. मोराची सुरी त्याहून खूप लहान असते. तरी ती कमरेला लावून बाजारात फिरायची वस्तू नव्हे.

सुरी भेट देणं अशुभ मानतात का?

इथेही तो समज आहे, सुरीने मैत्री कापली जाते म्हणे. म्हणून घेणारा देणाऱ्याला एक नाणं देतो, म्हणजे ती विकत घेतल्यासारखी होते. मी शिक्षकांना एक क्रोना दिला होता. त्यांनी तो कामशाळेच्या दारावर ठोकून ठेवला आहे.

प्रवासात काय पाहावं?

मोराला गेलात तर एस्तनूर नक्की करा, आणि नुसनेसला लाल घोडे कोरताना पाहा. कोरणाऱ्यांच्या हातात मोराचीच सुरी असते. एस्किल्स्तुनात राडेमाखरच्या लोहारशाळांतल्या काही अजून उभ्या आहेत. उप्लांदात ओस्तरबीब्रुकची वालोन भट्टी. आणि थंडी सोसत असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला योकमोकचा बाजार. उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडं वर, १६०५ पासून भरतो आहे. सामी सुऱ्या करणारे स्वतः तिथे बसलेले असतात. तिथलं आय्ते संग्रहालयही पाहा.

मला शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू?

भट्टीपासून नाही. माझ्या शिक्षकांकडे गेलेल्या प्रत्येकाला आधी ज्युनिपरच्या फांदीतून लोणी लावायची सुरी तासायला देतात, कारखान्यातल्या साध्या सुरीने. लाकडाची सुरी हाताला नीट बसेपर्यंत लोखंडाला हात नाही. माझ्या पाच झाल्या, सहावी त्यांनी ठेवून घेतली.

महाराष्ट्रात असाल तर ज्युनिपर शोधत बसू नका. मऊसर, सरळ रेषांचं, अर्धवट ओलं कुठलंही लाकूड घ्या, सुबाभळीची फांदीसुद्धा चालेल. एक साधी सुरी, एक धारेचा दगड, रोज अर्धा तास. गावात लोहार असेल तर एक दिवस त्याच्या भट्टीपाशी जाऊन नुसतं बसा, भाता चालवू का विचारा. जाताना सुती कपडे घाला. नायलॉनवर ठिणगी पडली की लगेच भोक पडतं.